पाऊण इंचाचा फाटकवाला

शर्टाचं कापड आणलं असेल तर आधी माप देऊन टाका, किस्सा नंतर ऐका. कारण ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडं शिवायला टाकाल याची मला खात्री नाही, आणि कापड बगलेत मारून परत जाणारं गिऱ्हाईक मला बघवत नाही. दिलं माप? मग बसा. चहा सांगितलाय.

तर मी गोविंद टेलर, मुक्काम परळी वैजनाथ. तीस वर्षं झाली मशीनवर बसतोय. टेप गळ्यात असतो तो लोकांना दिसावा म्हणून. खरं सांगायचं तर मला तो लागत नाही. समोरच्या रस्त्यानं माणूस गेला की मी इथं बसल्या बसल्या सांगतो, छाती चाळीस, कंबर अडतीस, डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. पूर्वी लोक माझ्याशी पैजा लावायचे. आता लावत नाहीत, हरून हरून कंटाळले.

ही फुशारकी नाही. म्हणजे आहे फुशारकीच, पण खरी आहे.

दुसरा नाद रेल्वेचा. खरी नाही हो, छोटी. गच्चीवरच्या खोलीत प्लायवूडच्या फळीवर मी आपल्या परळीचं रेल्वे फाटक उभं केलं होतं. रूळ, कोळशाचे डबे, केबिन, लिंबाचं झाड, फाटक उघडायची वाट बघत थांबलेल्या मेंढ्या, त्यांच्यामागं काठी टेकून धनगर आणि पुढं हिरवी झेंडी घेतलेला फाटकवाला. सगळं खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पटीनं लहान. म्हणजे साडेपाच फुटी माणूस पाऊण इंचात बसवायचा. लोकांना हे फार अवघड वाटतं. मला त्यात काय अवघड? थोरल्या भावाची पँट धाकट्याला बसवून देण्यात माझी हयात गेलीय.

डबे मी तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून केले. लिंब खराट्याच्या काड्यांचा. मेंढ्या मात्र मंगलनं केल्या. मंगल माझी बायको. तिचं माहेर तेलगाव, भावाच्या शेतातला कापूस घरात कायम असतो. तिनं चिमटी चिमटी कापूस घेऊन वाती वळाव्यात तशा मेंढ्या वळल्या, आणि काड्यापेटीतल्या काड्यांचे पाय लावले.

शेवटचा हात राखेचा. परळीत राख विकत आणावी लागत नाही, थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांतून उडते तेवढी, खिडकी उघडी ठेवली की पुरते. मी ती वस्त्रगाळ करून सगळ्या फाटकावर भुरभुरवली. झाड, पत्रे, डबे, मेंढ्या, धनगर, सगळे एका करड्या रंगाचे झाले आणि त्या फळीवर हुबेहूब परळी उतरली. पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांकडं इंजिनं परदेशी असतील. पण ही राख ते कुठून आणणार?

आता अडचण सांगतो. ती खोली मंगलला हवी होती. तिला तिथं मुलींसाठी शिवणक्लास काढायचा होता. दोन वर्षं ती म्हणत होती, सहा मुलींनी नावंही दिली होती, आणि खोलीच्या मधोमध माझं फाटक. मंगल भांडत नाही. ती फक्त प्रश्न विचारते.

"अहो, पोरी कुठं बसवू? रुळावर?"

"जरा थांब की. पुण्याच्या एका मंडळानं स्पर्धा काढलीय. छोट्या रेल्वेचे फोटो पाठवायचे. नंबर आला तर लोक बघायला येतील इथं."

"आन न्हाई आला तर?"

"नंबर एकच हाय, पयला. तो न्हाई आला तर खोली तुझी. फाटक उचलून माळ्यावर."

"शब्द?"

"शब्द."

शब्द देताना माझा आवाज कणभरही कापला नाही. हरायचा प्रश्नच कुठं होता?

फोटो काढायला रफिकला गाठला. रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त, माझ्या दुकानाशेजारी त्याचा स्टुडिओ. अख्ख्या तालुक्याची लग्नं त्यानं काढलीत. माझी रेल्वे बघून तो डोकं खाजवायला लागला.

"गोविंदा, नवरी असती तर डोळे झाकून काढली असती बे. ह्या मुंग्यांचं मला काय कळंना. आधी खरं फाटक बघू. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडती, ते बघून मग हे काढू."

सल्ला चांगला होता. सकाळी आठला आम्ही खऱ्या फाटकावर गेलो. कोळशाची रिकामी गाडी उभी होती, फाटक बंद, एक धनगर मेंढरं घेऊन थांबलेला. वारं सुटलं होतं, राख डोळ्यांत जात होती. मी रुमाल डोक्याला आणि तोंडाला गुंडाळला आणि फाटकाचा खांब मापायला घेतला, म्हटलं आलोच आहे तर आपली मापं पडताळून घेऊ. रफिक आपला इकडून तिकडून फोटो काढत होता.

दुपारी चारला आम्ही फळी उचलून गच्चीवर आणली. तसंच ऊन, तेच आभाळ, मागं त्याच थर्मलच्या चिमण्या. रफिक पोटावर पालथा पडून फोटो काढत होता. उठला तेव्हा त्याच्या शर्टावर गच्चीचा नकाशा उमटला होता. शर्ट मीच शिवलेला, एक टाका उसवला नाही.

संध्याकाळी त्यानं सकाळचे आणि दुपारचे सगळे मिळून दोनशे फोटो माझ्या मोबाइलवर टाकले आणि लग्नाच्या शूटिंगला शिरूर कासारला निघून गेला. दुसऱ्या दिवशी स्पर्धेची मुदत संपत होती. मी दुकानात बसून एका हातानं फोटो सरकवत होतो, दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाच्या पँटची दुमड घालत होतो. आणि एका फोटोवर बोट थांबलं.

काय फोटो होता म्हणून सांगू. डब्यांच्या कडांना गंज, लिंबाच्या पानापानावर राख, मेंढ्या एकमेकींना खेटून उभ्या. आणि फाटकापाशी माझा फाटकवाला, तोंडाला रुमाल, हातातून झेंडी लोंबतेय. माझं मलाच भरून आलं. मी म्हटलं, गोविंदा, हे तुझ्या हातून झालंय. उरलेले फोटो मी बघितलेसुद्धा नाहीत. अर्ज भरला, पत्र्यापासून राखेपर्यंत सगळी कृती लिहिली, मेंढ्यांपुढं मंगलचं नाव घातलं आणि पाठवून दिला.

पंधरा दिवसांनी फोन आला. परीक्षक दातार सर, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर. आवाज असा की इस्त्री केलेला.

"गोविंदराव, अभिनंदन. तुमचा फोटो शेवटच्या दोन फोटोंत आहे. राखेचं काम तर आम्ही असं कधी पाहिलेलं नाही."

"आभारी हाय सर."

"मेंढ्याही अप्रतिम."

"त्या मिसेसनं केल्यात."

"त्यांना आवर्जून सांगा. फक्त एक गोष्ट खटकते. फाटकापाशी तो माणूस आहे ना, तो प्रमाणात नाही. पोट फार पुढं आलंय, पाय काटकुळे, मान तर जवळजवळ नाहीच. प्रत्यक्षात अशी शरीरयष्टी नसते हो. त्यामुळं नंबर दुसऱ्या फोटोला द्यावा असं इतर परीक्षकांचं मत पडतंय."

बघा, त्यांनी रंग चुकला म्हटलं असतं, मी ऐकून घेतलं असतं. ऊन चुकलं म्हटलं असतं, रफिकच्या नावावर घातलं असतं. पण माप? माणसाचं माप चुकलं असं मला तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

"सर," मी म्हटलं, "राग मानू नका, पण चूक तुमच्या नजरंची हाय."

"असेलही," ते शांतपणे म्हणाले. असल्या शांत माणसांशी भांडता येत नाही, याचा मला फार राग येतो.

दुकान तसंच टाकून मी गच्चीवर गेलो. फाटकवाल्याला फळीवरून उपटला, दोऱ्यानं मापला, पट्टीवर दोरा धरला आणि सत्त्याऐंशीनं गुणलं. छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही तेवीस. काय देह होता महाराज. नवरदेवाचा असावा असा. मापाच्या वहीत लिहून मी पानाचा फोटो सरांना पाठवला.

त्यांचं उत्तर आलं, "कागदावर माप योग्य आहे. पण फोटोतल्या माणसाची कंबर मला चव्वेचाळीसच्या खाली दिसत नाही."

चव्वेचाळीस? मग मी गप्प बसतो होय. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला लागलो, पुण्याचा माणूस मला माप शिकवतोय. सलूनवाल्याला सांगितलं, पानटपरीवाल्याला सांगितलं. सगळा बाजार माझ्या बाजूनं उभा राहिला. फोटो कुणीच बघितला नव्हता, त्यामुळं कुणाच्या मनात काही शंका नव्हती.

मंगल तेवढी म्हणाली, "अहो, इतकं शिकल्यालं माणूस उगंच कशाला बोलंल?"

"मंगल, इंजिनाचं त्यांना इचार. कमरंचं मला."

शेवटी सरांचाच फोन आला. ते पत्नीसह वैजनाथाच्या दर्शनाला रविवारी परळीत येणार होते. म्हणाले, "प्रत्यक्ष पाहतो. तुमचं बरोबर निघालं तर नंबर तुमचा, हे मी इतरांशी बोलून ठेवलंय."

"या सर. टेप माझा, डोळे तुमचे."

आता आमच्याकडं पाहुणा येणार म्हटलं की फ्लेक्स आलाच. कुणी निवडून आला की फ्लेक्स, कुणी पडला तरी आभाराचा फ्लेक्स. मी ठरवलं, नुसतं स्वागत कशाला? तोच फोटो सहा बाय चार फुटांत छापायचा, वर मोठ्या अक्षरांत 'सुस्वागतम्', म्हणजे सरांना फाटकवाल्याची कंबर स्वतः टेप लावून बघता येईल. मोबाइलवरून फोटो थेट फ्लेक्सवाल्याला पाठवला. रफिकला मध्ये घेतलंच नाही. त्याचं मत विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मी कुणाचं मत विचारतो का?

रविवारी दातार सर आले. उंच, सडपातळ, छाती छत्तीस, कपाळाला गंध. बरोबर बाई. गच्चीवर खुर्च्या टाकल्या होत्या, मंगलनं चहा आणला. रफिक होता, सलूनवाला आणि पानटपरीवाला साक्षीदार म्हणून आले होते. फ्लेक्स नुकताच गुंडाळी करून आला होता, तो मीही उघडून बघितला नव्हता.

"मॉडेल कुठं आहे?" सरांनी विचारलं.

"आधी फ्लेक्स, मग मॉडेल."

वरची काठी मी आणि रफिकनं दोन्ही टोकांना धरली आणि फ्लेक्स खाली सोडला. म्हणजे कसं, फ्लेक्सच्या मागं आम्ही, पुढं मंडळी. मला दिसत होती फक्त पांढरी पाठ आणि वरून मंडळींची तोंडं.

"बघा सर, नीट बघा," मी सुरू केलं. "मान म्हणता, मान हाय का न्हाई? पोट म्हणता, कुठाय पोट? तीस वर्षं माणसं मापतोय मी. ह्या देहात एक सूत इकडं का तिकडं न्हाई."

सगळे फ्लेक्सकडं टक लावून बघत होते. मला वाटलं, पटलं.

मग मंगलचा आवाज आला. "अहो, मी मेंढ्या अकराच केल्या होत्या."

"मग?"

"हितं लई हायेत. वीस मोजल्या, अजून मागं हायेतच."

"फोटोत जास्ती दिसतात."

रफिकनं काठी धरूनच मान पुढं काढून वाकून बघितलं. "फोटोत मेंढ्या वाढत न्हाईत बे. गोविंदा, हा सकाळचा फोटो हाय. आपण गेलतो ना फाटकावर, तवाचा."

"कुठल्या फाटकावर?"

"खऱ्या."

तुम्हाला वाटेल, इथं तरी मी थांबलो असेन. मी? "येड्यावानी बोलू नको," मी म्हणालो. "मला माझं काम ओळखू येत न्हाई का?"

मंगल चष्मा लावून फ्लेक्सच्या अगदी जवळ गेली. मला तिचा फक्त अंबाडा दिसत होता. "बरं," ती म्हणाली, "मग फाटकवाल्याच्या गळ्यात टेप कशाला हाय?"

मी काठी सलूनवाल्याच्या हातात दिली आणि पुढं आलो.

मोबाइलवर जो नखाएवढा होता तो इथं वीतभर झाला होता. तोंडाला रुमाल, कानावर पेन्सिल, गळ्यात टेप. मी ज्याला झेंडी म्हणत होतो ते टेपचं दुसरं टोक होतं, खांबाला लावता लावता हातातून लोंबणारं. पोट असं पुढं आलेलं की खांब मापायला हात लांबवावा लागला होता. शर्टाच्या मधल्या दोन गुंड्या ताणलेल्या. मान खरंच नव्हती, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. पाय काटकुळे. आणि या सगळ्याच्या वर, सुस्वागतम्.

पानटपरीवाला बराच वेळ बघून म्हणाला, "फ्लेक्स लई भारी झालाय टेलर. वाढदिवस हाय का?"

दातार सरांच्या बाई घाईघाईनं थर्मलच्या चिमण्यांकडं वळून बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. सर मात्र उठले, फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फ्लेक्सकडं बघितलं.

"गोविंदराव, प्रमाण चुकलंय असं मी म्हणालो होतो. तो शब्द मागं घेतो. प्रमाण अगदी बरोबर आहे."

मग स्वतःच ओशाळून म्हणाले, "माझा जन्म रेल्वेत गेला, पण मीही फसलो. त्या राखेमुळं सगळं रंगवलेलंच वाटलं आम्हाला."

त्यानंतर ते खोलीत गेले आणि माझ्या फाटकासमोर गुडघे टेकून अर्धा तास बसले. एकेक डबा बघितला. मंगलच्या अकरा मेंढ्या बघितल्या. शेवटी फाटकवाल्याकडं बोट करून म्हणाले, "हा माणूस किती देखणा केलाय तुम्ही. याचाच फोटो पाठवायचा होतात हो. नंबर तुमचाच होता." पण खऱ्या फाटकाचा फोटो स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायला मुदत उरली नव्हती. नंबर दुसरीकडं गेला.

वाईट वाटलं. लपवत नाही, फार वाईट वाटलं. माझ्यावर हसणाऱ्या बाजारापेक्षा मला त्यांचं ते 'तुमचाच होता' जास्त लागलं. पण शब्द म्हणजे शब्द. आठवड्याच्या आत मी आणि रफिकनं फाटक माळ्यावर चढवलं. मंगलनं खोली झाडून घेतली, भिंतीला फळा लावला. झाडताना ती गुणगुणत होती. मला बरं वाटलं, हेही खरंच.

क्लासच्या पहिल्या दिवशी मी खाली मशीनवर होतो. वरून हाक आली, "अहो, जरा वर या. पोरींना माप घ्यायला शिकवतीया. कुणीतरी उभं राहाया पायजे."

मी गेलो. हात पसरून ताठ उभा राहिलो, तीस वर्षं मी लोकांना उभं करतोय तसा. म्हटलं, पोरींना एकदा शिस्तीत माप देऊन दाखवू. एका मुलीनं कमरेभोवती टेप फिरवला, वाकून आकडा बघितला.

"बाई, चव्वेचाळीस."

"टेप ढिला धरलाय तिनं," मी म्हणालो. "घट्ट धर बाळ."

तिनं घट्ट धरला. "चव्वेचाळीसच हाय बाई."

मंगल खडू घेऊन फळ्यापाशी उभी होती. तिनं आकडा लिहिला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "अहो, आधी श्वास सोडा."

सोडला. सेहेचाळीस भरली.